पाच माडांची पैज

पाचही मडक्यांवरचा फेस एकदमच खाली बसला, तेव्हा आबोलीला पहिल्यांदा खटकलं.

माडी म्हणजे काही पलटण नव्हे, एका हुकमावर खाली बसायला. पण बोलणार कुणाशी? आबोली म्हणजे पाल चुकचुकली तरी दचकणारी. तिने ते मनातच ठेवलं आणि पोफळीच्या सावलीला सरकून उभी राहिली.

जत्रेचा दिवस होता. पुंडलिकशेटच्या गुत्त्यापुढे दर साली पैज लागे. पाच मडकी, पाच वेगवेगळ्या माडांची माडी. एक माड खाडीकाठचा, एक विहिरीवरचा, एक देवळामागचा, एक टेकडीवरचा आणि एक मसणवटीजवळचा. कोणत्या मडक्यात कोणत्या माडाची, ते चाखून ओळखायचं. तिघा मित्रांनी मिळून उतरायचं, प्रत्येकाला एक खेप. जिंकले तर सालभर माडी फुकट. हरले तर पणाला लावलेलं शेटचं. माड सरकारचे, म्हणजे राजेसाहेबांचे, गुत्ता शेटचा, आणि खरं उत्तर तेवढं शेटच्या जिभेला ठाऊक.

आजवर कुणी जिंकलं नव्हतं. गेल्या साली तर खुद्द राजेसाहेबांची अंगठी गेली होती. म्हणून यंदा सरकार खुर्ची टाकून, मिशीला पीळ देत, दुसरे कसे हरतात ते बघायला बसले होते.

आबोलीचा भाऊ भिवा सनई वाजवायचा, तातू ढोल, वासू झांज. तिघांनी मिळून पणाला लावली ती सनईच. उद्या खोतांकडे लग्न, आणि सनई शेटच्या चौरंगावर. भिवाच्या घरची चूल त्या सनईच्या फुंकरीवरच पेटत होती.

वासूने पाचही वाट्या चाखल्या आणि पहिल्या मडक्यावर बोट ठेवलं. "हे मसणवटीजवळचं. पिताना अंगावर काटा आला."

"चुकलास," शेट म्हणाला. "काटा किंमत ऐकून येतो."

मग तातू. त्याने चाखलं, पुन्हा चाखलं, डोकं खाजवलं. "मला तर बुवा सगळी सारखीच लागतात."

"म्हणून तर तू ढोल बडवतोस," शेट म्हणाला.

जत्रा हसली. आबोली हसली नाही. भिवाने वाटी उचलली.

"थांब रे दादा."

हे आपणच बोललो, हे कळल्यावर आबोली दचकली. पण तोवर सगळी जत्रा तिच्याकडे वळली होती आणि शब्द काही परत गिळता येत नव्हता.

"काय गो?" सरकारांनी विचारलं. "नियम बदलणार नाही, आधीच सांगतो."

"नियम नको बदलायला, सरकार. दादा बरोबर बोलला की चुकला, ते ठरवणार कोण?"

"शेटची जीभ."

"सोनार सोनं जोखतो, पण गिऱ्हाईक आधी त्याचा काटा बघून घेतं. आपण जीभ बघून घेऊ या का?"

सरकारांनी आपल्या मोकळ्या बोटाकडे पाहिलं. "घेऊ या."

शेट मोठ्याने हसला. "अगो, तू म्हणशील तर डोळे बांधून सांगतो."

"मग बांधाच."

सरकारांनी स्वतःचा शेला दिला. तातूने शेटच्या डोळ्यांवर अशी गाठ मारली, की ढोलाची वादीही इतकी आवळत नाहीत. आबोलीने पहिली वाटी भरून पुढे केली.

शेटने घोट घेतला. "खाडीकाठचा. भरतीचा खारेपणा जिभेवर येतो."

दुसरी वाटी. "विहिरीवरचा. गारवा बघा कसा."

तिसरी. "मसणवटीजवळचा. ही प्यायली की माणूस विचारात पडतो."

चौथी. "देवळामागचा. सात्त्विक."

सरकारांनी ओठावर बोट ठेवलं होतं. एका बाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. जत्रेत चिडीचूप. लोक थक्क झालेत, असं शेटला वाटलं, म्हणून शेवटची वाटी त्याने जरा घोळवून प्यायली.

"आणि हा टेकडीवरचा. वाऱ्याची चव लपत नाही. सोडा आता शेला. चुकलो कुठे?"

शेला सुटला. शेटने डोळे चोळले. चार मडकी होती तशीच होती. मधल्यातली माडी मात्र बरीच खाली गेली होती.

आबोलीने ते मधलं मडकं शेटपुढे सरकवलं. "शेट, पाचही वाट्या ह्या एकाच मडक्यातल्या. तुम्हाला त्यात पाच माड लागले. आणि मघाशी पाचही मडक्यांवरचा फेस एकदमच बसला. मग मडक्यांत काय भरलंय, ते तुम्हीच सांगा. माडी एकाच माडाची असेल, तर बाकीचे चार माड कुठे आहेत?"

शेटने मडक्यांकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं.

"मी म्हटलं नव्हतं, सगळी सारखी लागतात?" तातू वासूच्या कानात म्हणाला.

"चार माड कुठे आहेत, शेट?" आबोलीने पुन्हा विचारलं.

शेट घाम पुसू लागला, तोही सरकारांच्या शेल्याला.

आता मात्र तिचा आवाज चढला. "कुणी सांगेल का मला? चार माड आहेत कुठे?"

खुर्ची करकरली. आत कोंडून धरलेलं हसू सरकारांना आवरेना. ते हसले, ठसकले, डोळे पुसायला शेला शोधू लागले आणि तो शेटच्या हातात बघून आणखीच हसले.

"शेट, आधी ह्यांची सनई दे. मग माझी अंगठी काढ." मग ते आबोलीकडे वळले. "आणि पोरी, ते चार माड ना? ते आजपासून तुझ्या नावावर आहेत."