दारातला बर्फ

कॅनडातल्या आमच्या पोलादाच्या गावात डाव्या पक्षाचं काम करायचं, तर आधी मतदाराच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा आणि मगच मत मागायचं. काय दिवस होते ते. घरोघरी गरम कॉफी मिळायची, रुसवेफुगवेही तिथेच ऐकायचे.

मग गॉर्डन पेल पक्षाचे नेते झाले. म्हणाले, "कामगारवस्ती तर आपलीच आहे, ती कुठे जाणार? यंदा फक्त टेकडीवरच्या बंगल्यांकडे जा."

पुढच्याच आठवड्यात ते वस्तीतल्या आमच्या कचेरीत आले, ते गुडघाभर बर्फ तुडवत. "दारातला बर्फ का नाही काढला?" ते कडाडले.

आमच्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या इंदुताई दिघे शांतपणे म्हणाल्या, "सगळे टेकडीवर बर्फ काढतायत, गॉर्डन. तुम्ही काय, आपलेच. कुठे जाणार?"