कुरबुऱ्यांचा फळा

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर माफ करा. माझी शाळा आठवीतच सुटली.

बाणेरच्या एका गेम कंपनीचे मालक होते कारखानीस साहेब. ‘आपलं आनंदी कुटुंब’ असं भिंतीवर रंगवून त्यांनी खाली एक फळा टांगला होता, त्यावर वर लिहिलं होतं ‘कुरबुरे’. गेममधली चूक जो दाखवेल, त्याचं नाव कुरबुऱ्या म्हणून फळ्यावर लागे आणि चूक दुरुस्त होईपर्यंत त्याला घरी जाता येत नसे. निवृत्ती शेलारचं तर कामच गेम तपासण्याचं. तोही गप्प बसायला शिकला. फळा कोरा राहू लागला, तसे साहेब फुगले.

एकदा पैसे गुंतवणाऱ्या पाहुण्यांपुढे साहेब स्वतःच खेळायला बसले. त्यांचा घोडेस्वार पुलावर चढला आणि पुलातून आरपार नदीत पडला.

“ही केवढी मोठी चूक! शेलार, उद्यापासून येऊ नकोस!”

निवृत्तीने मान खाली घालूनच खडू पुढे केला. “जातो, साहेब. पण चूक तुम्ही दाखवलीत. फळ्यावर नाव लिहा. आता दुरुस्त होईपर्यंत तुम्हालाही घरी जाता येणार नाही.”

“लिहा की!” पाहुण्यांतल्या एक बाई हसल्या. “आनंदी कुटुंब आहे ना? आणि या शेलारांना कुठे पाठवताय? इथे खरं बोलणारे तेवढेच दिसतात.”

साहेबांनी फळ्यावरचं ‘कुरबुरे’ पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीने त्याच फळ्यावर मनात साठलेल्या त्रेचाळीस चुका लिहिल्या आणि खाली ठळक अक्षरांत स्वतःचं नाव घातलं.