आधी कानस की आधी बार?

कोणे एके काळी डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात राजाच्या फौजेसाठी बंदुका घडवणारा एक कारागीर होता. विळे-कोयते करता करता तो बंदुकांकडे वळला, आणि चाळीस वर्षांत त्याच्या हातची बंदूक प्रत्येक शिपायाच्या खांद्यावर गेली.

त्या राज्यात एक रीत होती. नव्या घडणीच्या नमुन्याच्या बंदुकीत दुप्पट दारू ठासायची आणि पहिला बार घडवणाऱ्यानेच गालाला लावून उडवायचा. फुटली तर त्याचा गाल जावा, शिपायाचा नाही.

एका सकाळी भाकरी खाता खाता म्हातारा थांबला. दोनशे नव्या बंदुका आदल्याच दिवशी खिंडीतल्या गडावर गेल्या होत्या. चढावर शिपायांना ओझे नको, म्हणून त्याने नळीच्या मुळाशी कानस फिरवून त्या हलक्या केल्या होत्या. नमुन्याचा बारही त्यानेच उडवला होता. पण आधी कानस, की आधी बार? बार आधी उडवला असेल, तर पातळ झालेली नळी कुणी तपासलीच नव्हती. काही केल्या आठवेना.

"गिळा तो घास," बायको म्हणाली. "परवा डोक्यावर पागोटं असताना घरभर पागोटं शोधत होतात. तुमच्या आठवणीचं काय घेऊन बसलात?"

"म्हणूनच तर घास उतरत नाही," म्हातारा म्हणाला आणि उठला.

"महाराज, मी चुकलो असेन," तो दरबारात म्हणाला.

"असेन म्हणजे?"

"तेच आठवत नाही."

सेनापती हसला. "शत्रू चार दिवसांवर आलाय, आणि बुवांना विसर पडलाय!"

राजा म्हणाला, "चूक नसेल तर दारू वाया जाईल. तुझं नावही जाईल."

"जाऊ द्या, महाराज."

"मग दोन दिवस देतो."

गडावर एकेक बंदूक खोडाला बांधली, दुप्पट दारू भरली आणि चापाला लांब दोरी लावून ओढली. दुसऱ्या दुपारपर्यंत एकशे चाळीस बंदुका धडधाकट निघाल्या.

"आजोबा," एक शिपाई ओरडला, "शत्रू तुमचे पाहुणे लागतात का? आमची दारू संपवताय ती!"

सगळे हसले. म्हाताऱ्याला भूमी दुभंगावी असे झाले. तरी त्याने पुढची बंदूक मागितली.

ती फुटली. नळी मुळाशी उभी फाटली आणि खोडाची ढलपी उडाली.

थट्टा करणारा शिपाई आपला गाल चाचपत राहिला. म्हातारा दगडावर टेकला. "बरं झालं," तो पुटपुटला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने छातीभर श्वास घेतला.

उरलेल्या साऱ्या बंदुकांच्या मुळाशी लोखंडी कडी बसली. शत्रू आला आणि खिंडीतूनच परतला. एकही बंदूक फुटली नाही. आधी कानस की आधी बार, हे मात्र म्हाताऱ्याला कधीच आठवले नाही.

पुष्कळ वर्षांनी एका जत्रेत तो शिपाई भेटला. खांद्यावर नात होती.

"आजोबा, पाहुणे बरे आहेत ना?"

म्हातारा हसला. मग त्याने विचारले, "शिपाई बंदुकीच्या दस्त्यावर खूण कोरतात. तुझी कोणती होती रे?"

"लंगडा मोर. दुसरा पाय काही जमेना. पण ती बंदूक परत मिळालीच नाही. नंतर दुसरी दिली."

म्हातारा घाईघाईने घरी आला. फुटकी बंदूक त्याने खुंटीवर जपून ठेवली होती. धोतराच्या सोग्याने त्याने दस्त्यावरची धूळ पुसली.

मोर होता. एकाच पायावर उभा.

तात्पर्य: आठवण दगा देते, त्यात लाज नाही; शंका आली असता गप्प बसणे, ही खरी लाज.