गाठी मारलेलं उपरणं

त्या साली सिदोबा महाराजांचा मुक्काम सावरदऱ्यास, नदीकाठच्या मारुतीच्या देवळात होता. सारं गाव कीर्तनाला लोटत होतं. गोजराचा पाय मात्र उंबऱ्यातच अडकलेला. तिच्या सासूचं भान सुटलं होतं. म्हातारी घटकेत नदीपलीकडच्या माहेराला निघायची, घटकेत सुनेलाच आई म्हणायची. हातात गोजराचा पदर असला की तेवढी शांत. त्याच्या काठाला गाठी मारत बसायची. पदर सुटला की उठलीच!

भक्तहो, सेवा म्हणायला सोपी असते. गोजराला घास गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. कधी ती म्हातारीवर खेकसायची आणि मग चुलीपुढं बसून स्वतःच रडायची.

थोरली जाऊ हौसाबाई वेगळी राहायची. तोंडात अखंड देवाचं नाव, कीर्तनात पहिली रांग; सासूची चौकशी मात्र कधी नाही. गोजराचा पदर पाहून ती चारचौघींत म्हणाली, "हिला देव कशाला हवा? गाठी सोडवण्यातच हिचा जन्म जायचा!"

काल्याच्या दिवशी गोजराला राहवेना. म्हातारीचा डोळा लागलेला पाहून तिनं हळूच पदर सोडवला आणि देवळाकडं धाव घेतली. महाराज कीर्तनाला उभे होते. तिनं दारातूनच हात जोडले, पण चित्त घरी. कडी घातली का आपण? ती कडी नीट बसली का? अभंगाचा एक शब्द कानात शिरेना. ती तशीच माघारी पळाली.

दार सताड उघडं, अंथरूण रिकामं. गाव सगळं देवळात, हाक कुणाला मारणार? ती नदीच्या डोहाच्या वाटेनं धावत सुटली. पाहते तो म्हातारी अगदी पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूत निवांत बसलेली!

म्हातारी हसून म्हणाली, "आई, एक बाबा आला होता. म्हणाला, पुढं जाऊ नको, आई येतीय तुझी. तोवर हे धर." पण तिच्या हातात काहीच नव्हतं.

तिला सावरत गोजरा देवळापाशी आली, तेव्हा कीर्तन संपून लोक महाराजांच्या पाया पडत होते. हौसाबाई दोघींकडं, म्हातारीच्या ओल्या वाळूनं माखलेल्या लुगड्याकडं बघून नाक मुरडत पुढं झाली, वाकली आणि वाकलेलीच राहिली. महाराजांच्या उपरण्याच्या काठाला ओळीनं गाठी होत्या, ओल्या वाळूनं माखलेल्या. ज्या गाठींना ती इतके दिवस हसली, त्याच या!

"महाराज, तुम्ही तर इथून हलला नाहीत," ती कशीबशी म्हणाली.

महाराजांनी गोजराकडं पाहिलं. "ही इथं उभी होती, पण जीव हिचा तिकडं होता. मग आम्हाला तिकडं जाणं भागच होतं. पोरी, मन लागलं नाही म्हणून खंत करू नकोस."

गोजराला हुंदका आवरेना. हौसाबाईनं पाय धरायला हात पुढं केले, तर महाराजांनी पाय मागं घेतले आणि म्हातारीकडं बोट केलं. मान खाली घालून हौसाबाई गेली आणि तिनं सर्वांदेखत सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीनं तिचा पदर चाचपला, मुठीत घेतला आणि पहिली गाठ मारायला सुरुवात केली.

हौसाबाई तिथून उठली नाही. गोजरा मोकळ्या पदरानं काल्याच्या पंगतीला जाऊन बसली.