बसचा शोकप्रस्ताव

कुठल्याशा राज्याची विधानसभा, पेंगुळलेली दुपार. डोंगराकडच्या आमदार रखमाताई भोये पुन्हा उठल्या. त्यांच्या भागातली दवाखान्याला जाणारी एकुलती एक बस बंद पडली होती. दर अधिवेशनात त्या विचारत, आणि परिवहनमंत्री यशवर्धनराव "विचाराधीन आहे" एवढं म्हणून खाली बसत.

आज थकल्या आवाजात ताई म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, आमच्या बसचा शोकप्रस्ताव मांडते."

शोकप्रस्ताव म्हटल्यावर सवयीनं अख्खं सभागृह उभं राहिलं. मंत्रीही उठले, आणि मग भानावर आले.

"शोक कसला? बस तात्पुरती थांबवलीय. येईल!"

"येणार असेल तर प्रस्ताव मागे घेते. पण उठलाच आहात, तर ती येईपर्यंत उभे राहा. आमची आजारी माणसं थांब्यावर अशीच उभी असतात."

तीच ती उत्तरं ऐकून अध्यक्षही विटले होते. ते काही बसेनात, म्हणून कुणालाच बसता येईना. मंत्र्यांचे गुडघे कुरकुरू लागले.

"उद्या सोडतो बस! आता तरी बसू द्या."

"उभे राहू की उद्यापर्यंत," रखमाताई म्हणाल्या. "आम्हाला सवय आहे."

बस संध्याकाळीच सुटली.