पालथा तांब्या

“पान डिस्कवर उतरायच्या आधीच ‘उतरलं’ म्हणायचं? हा खोटेपणा नाही का, आक्का?”

शार्दूल दारातूनच बोलला. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

आक्का ओसरीवर चहा पीत होत्या. कर्नलच्या, म्हणजे संगणकाच्या गाभ्याच्या, कोडमध्ये कुणी काही बदललं की ते आधी त्यांच्या नजरेखालून जाई. शार्दूलचा बदल त्यांनी परत पाठवला होता.

फाइलीचं पान मेमरीत बदललं की त्यावर ‘मळकं’ अशी खूण पडते. मग ते डिस्कवर उतरवायचं आणि खूण पुसायची. शार्दूलनं खूण अगदी शेवटी पुसली होती. आक्कांनी खाली एवढंच लिहिलं, ‘आधी पूस, मग उतरव.’

त्यावर त्यानं सगळ्यांना दिसेल असं उत्तर दिलं होतं, ‘आक्कांचं आता वय झालं.’

ते लिहिल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता. माफी मागायला म्हणून आला, आणि तोंडातून निघालं ते भांडणच.

“आलास ते बरं झालं,” आक्का म्हणाल्या. “मोरीतले कप तेवढे धुऊन आण.”

मोरीच्या कठड्यावर तांब्या पालथा होता. शिकायला येणाऱ्यांचा राबता, म्हणून या घरची रीतच तशी. उष्टा कप ठेवणाऱ्यानं तांब्या पालथा घालायचा, धुणाऱ्यानं सुलटा करायचा. तांब्या सुलटा दिसला की मोरीत कुणी डोकावत नसे.

शार्दूलनं कप परसातल्या दगडावर नेले, घासले, आणून फळीवर मांडले. मग तांब्या सुलटा केला.

“झाले सगळे?”

“लख्ख.”

“बघ बरं एकदा.”

मोरीत एक कप होता. तळाशी चहा, काठावर मुंगी.

“हा मघाशी नव्हता!”

“माझा आहे. तू परसात होतास तेव्हा ठेवला.”

“मग तांब्या...”

“पालथाच होता की रे. आणखी किती पालथा घालू?”

शार्दूलला हसू आलं. आलं तसं ते विरलं...

“परसात जायच्या आधीच मी सुलटा केला असता, तर तुम्ही तो पुन्हा पालथा घातला असता.”

आक्कांनी मान डोलावली.

“माझ्या कोडमुळं, पान उतरत असताना कुणी त्यात लिहिलेलं असंच मागं राहिलं असतं. हरवलं असतं. आणि मी म्हणालो असतो, लख्ख.”

त्यानं कप उचलला. पाय मात्र हलेना.

“आक्का... ते वयाचं... मी लिहायला नको होतं.” त्यानं कप दोन्ही हातांत धरला. “बदल नीट करून पाठवतो. मग तरी माझ्यावरचा राग जाईल ना?”

“राग? तो तू दारात आलास तेव्हाच पुसला. जा आता, कप घासून ये.”