निम्म्या खाडीचं तेल

खाडीकाठच्या एका गावात रेवती नावाची एक बाई राहायची. शिकलेली होती, त्यामुळे शंकाही फार. शाळा आणि दवाखाना पलीकडच्या काठावर. जायला इंजिनाची एकच होडी. डिझेल आलं नाही की तीही बांधून ठेवलेली.

म्हणून रेवतीने परसातल्या तीन हौदांत शेवाळ वाढवलं. ते वाळवून त्याचं तेल काढायचं, इंजिनाला चालेल असं शुद्ध करायचं. पलीकडच्या काठावर जत्रा भरायची, त्या दिवशी होडी त्या तेलावर चालवून दाखवायची, असं ठरलं. गावाला पटलं, तर सगळे आपापले हौद देणार होते. नाही पटलं, तर विषय संपला.

पण जत्रेआधी घरोघर हौद घासायची गावात रीत होती. रेवती बाजाराला गेली आणि सासूबाईंनी मोठ्या मायेने काथ्या घेऊन दोन हौद लख्ख केले.

"किती घाण साठवलीस गं! कंबर मोडली माझी," म्हणत त्या कौतुकाची वाट बघत उभ्या राहिल्या.

रेवतीला रडावं की हसावं कळेना. "छान घासलेत हो, आई," एवढंच ती म्हणाली.

उरलेल्या हौदातून निघालं ते तेल निम्म्या खाडीपुरतं.

होडीवाला धाकू तांडेल हळूच म्हणाला, "वहिनी, वर थोडं डिझेल ओततो. टाकीत कोण डोकावतंय?"

रेवतीला मोह झालाच. मग ती म्हणाली, "आणि उद्या कुणाचं तापलेलं पोर होडीत असताना तेल संपलं तर? लोक तर माझ्या भरवशावर बसलेले असतील."

तिने काठावर सगळ्यांना सांगून टाकलं, "तेल निम्म्या खाडीपुरतंच आहे. पुढे वल्ही मारावी लागतील."

"मग तिकीटही अर्धंच घे रे, धाकू!" कुणीतरी ओरडलं. माणसं हसत हसत होडीत चढली.

होडी फटफटत निघाली आणि बरोबर मध्यावर थांबली. टोमणे मारत, घाम पुसत सगळ्यांनी वल्ही मारली.

पलीकडे उतरताना म्हातारी भागाआजी म्हणाली, "सांगितलं तिथवर आणलंन. आमचा हौद घे गं, बाय. रिकामाच पडलाय."

"आमचाही घे," मागून आवाज आला. जत्रेत पोचेपर्यंत अकरा हौद झाले होते.

तात्पर्य: नव्या कामात आपलं बळ कुठवर पुरेल ते आधीच खरं सांगावं. खोट्या पूर्ण यशाला टाळ्या मिळतात. खऱ्या अर्ध्या यशाला सोबती मिळतात.